आबांच्या गोळ्यांना माझी परमिशन

३ ऑगस्ट २००३, रविवार

आणि वर अनू मलाच म्हणते, दादा, तू नुसता फोनवरनं राज्य करतोस. राज्य म्हणे. मी इथं त्रिचूरला मजा मारायला आलोय काय? सोन्याच्या आटणीचं दुकान, दिवसभर भट्टीपुढं उभा, ॲसिडच्या वाफेनं भुवया निम्म्या गेल्या. ते कुणाला दिसत नाही. आबांना घास उतरत नाही आणि थोरला मुलगा घरात नाही, एवढंच गल्लीला दिसतं. अन्ननलिकेतली गाठ काय मी लावली? ती तंबाखूनं लागली. तंबाखू तालमीतल्या लोकांनी लावली. मागच्या फोनला हे स्पष्ट बोललो तर अनूनं फोन ठेवला. म्हणजे ठेवला नाही, बाळासोच्या हातात दिला. बाळासोचं गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान, फोन त्याचाच. तो म्हणाला, सया, गिऱ्हाईक हाय, मागनं कर.

डॉक्टर तर त्याच्याहून भारी. म्हणाला, ऑपरेशनची वेळ गेली, आता घरी न्या, दुखणं कमी ठेवू, माणूस शांत राहील असं बघू. दवाखाना कशासाठी असतो? बरं करायला. शांत ठेवायला काय, आबा लहान पोर आहेत? पिराजी पैलवान म्हटलं की अजून कोल्हापुरात गंगावेशीत म्हातारी माणसं उठून जागा देतात.

ठरलं. अनू माफी मागत नाही तोवर फोन नाही. उद्यापासून रोज शंभर जोर. गणपतीला घरी जायचं, फायनल. तिकिटाचे पैसे आजच तंबाखूच्या डबीत बाजूला ठेवले, त्याला हात लावायचा नाही. डबी रिकामीच होती. आबांचं कळल्यापासून मी तंबाखू सोडली. आता फक्त पुडीतली खातो.

५ ऑगस्ट

फोन केला. माफी मागायची संधी तरी द्यायला पाहिजे ना.

अनूनं तो विषयच काढला नाही. तिनं चार महिने झाले इचलकरंजीचं सासर सोडून आबांजवळ मुक्काम टाकलाय. नवरा अतुल मागावर कामाला, त्याला दोन्ही वेळचं हॉटेलात खावं लागतं, सासू कुरकुरते, हे सगळं मला ऐकवलं. मला कशाला? मी तिला पाठवलं नव्हतं. म्हणाली, आबा चहासुद्धा चमच्यानं घेतात, अंगावरचं मांस गेलं, पाठीला हात लावला तर हाडं लागतात.

इथंच माझं डोकं चाललं. पांढरा रस्सा. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस. चावायचं काम नाही, ताकद सगळी पोटात. कुस्ती मारून आल्यावर आबा पातेल्याला तोंड लावून प्यायचे. एवढा शिकलेला डॉक्टर, त्याला सुचलं नाही. सातवी नापास माणसाला त्रिचूरात बसून सुचलं.

अनू म्हणाली, संघप्रिया सिस्टर नको म्हणत्यात. ही सिस्टर दवाखान्यातून आठवड्याला घरी येते. तिचं म्हणणं, पाण्यासारखं पातळ, तेही चमच्याचमच्यानं, बसवून. म्हटलं, तिच्या घरात कोण पैलवान होतं का विचार. चिमणा आत्तीला फोनवर बोलावलं. आत्ती म्हणाली, आरं, श्रावण चाललाय की. म्हटलं, औषधाला श्रावण नसतो. मग म्हणाली, थोरला म्हणतोय म्हंजे करायला पायजे.

एवढ्या लांबून घर चालवायचं सोपं नाही. पण चालतंय.

८ ऑगस्ट

रस्सा केला. आबांनी माझं नाव ऐकून वाटी तोंडाला लावली. ठसका लागला, श्वास अडकला, रिक्षातनं दवाखान्यात न्यावं लागलं. हे मला बाळासोकडून कळलं. तो म्हणाला, सया, तुझा रस्सा नाकातनं बाहीर आला की रं. आता कुठं श्वास खाली बसलाय, पण खोकला आला की छातीत कळ मारतीया, माणूस गादीला मूठ मारतंय.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. खसखस भरड वाटली असणार. घरातला मिक्सर आईच्या वेळचा आहे.

दिवाळीला नवा मिक्सर पाठवायचा. ठरलं.

जोर चालू केले नाहीत. सोमवारपासून.

१० ऑगस्ट, रविवार

आज मोठा निर्णय दिला.

दवाखान्यानं मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. अनू म्हणाली, आबा तोंडात घेत नाहीत. सिस्टरनं समजावलं, अनूनं पाया पडून सांगितलं, आबांचं एकच, सयाला इचारा. आमच्याकडं पहिल्यापासून तसंच आहे. म्हैस विकली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, तरी आबांनी व्यापाऱ्याला थांबवून मला विचारलं होतं. अनूचं लग्न ठरलं तेव्हा मी सुरतेत होतो, पावण्यांना चहावर बसवून मला फोन केला. गोळी कपाटावर, आबा कळा सोसत भिंतीकडं तोंड करून, आणि सगळं माझ्या एका शब्दावर अडलेलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

घाईत काही सांगितलं नाही. म्हटलं, दहा मिनिटांनी करतो. आमचे शेठ हंबीरराव यांना विचारलं. ते खानापूरकडचे, पण बारा गावचं पाणी प्यालेले. म्हणाले, मॉर्फिन म्हणजे अफूच, आमच्या चुलत्याचं अफूनंच वाटोळं झालं. मग मी अनूला स्वच्छ सांगितलं, गोळी द्यायची नाही. सवय लागली म्हणजे? पिराजी पैलवान नशेत पडलाय म्हणून गल्लीत बोलतील, मग तोंड कुठं दाखवायचं? आबांनी आयुष्यभर दुखणं अंगावर काढलंय, खांदा निखळला तेव्हा स्वतः बसवला.

अनूनं सगळं ऐकून घेतलं. इकडं मीटर पळतंय. मग म्हणाली, बरं दादा, तू म्हणशील तसं.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं एका शब्दात ऐकलं. जरा कडक बोललं की माणसं सरळ होतात.

१५ ऑगस्ट

सुट्टी. आमच्या खोलीच्या खाली वेलायुधन नावाचा म्हातारा राहतो. जन्मभर नारळाच्या झाडावर चढला, आता जबड्याला गाठ. आज त्याच्या दारात जीप आली. त्यातून एक नर्स आणि बेबी नावाचा माणूस उतरला. नाव बेबी, वय साठ, मिशा आमच्या आबांएवढ्या. इकडं असली नावं असतात, आणि दादाला चेट्टन म्हणतात. ही माणसं पगार नसताना घरोघर जाऊन आजारी माणसांचं बघतात. म्हाताऱ्याला उचलून कुशीवर करायचं होतं, बेबीचेट्टननं मला जिन्यातून हाक मारली.

उचलला. पोत्यापेक्षा हलका. बेबीचेट्टननं दाखवलं, बगलेतून ओढायचं नाही, चादरीसकट वळवायचं, पाठीमागं उशी द्यायची, घोट्यांच्या मध्ये फडका. मग नर्सनं जबड्याची जखम धुतली. वास जिन्यापर्यंत जाईल असा. पण हललो नाही. म्हातारा माझा अंगठा धरून होता.

जाताना बेबीचेट्टन म्हणाला, तुझा हात चांगला आहे. निदान मला तसं समजलं. मला मल्याळम कामापुरतं येतं.

हाताबद्दल आजवर मला फक्त शाळेतले मास्तर बोलले होते, हात पुढं कर म्हणून.

१७ ऑगस्ट, रविवार

जीपमधून गेलो. पाच घरं केली. एका आजीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, एकाची नखं काढली. हे माझं ट्रेनिंग आहे. सगळं शिकून घेतो, मग घरी जाऊन आबांचं असं करतो की अनू बघत राहील. ती बिचारी काही न शिकता करतेय, चुकत असणार.

शेवटच्या घरी एक गोष्ट झाली. गोळ्यांची पट्टी बेबीचेट्टननं माझ्या हातात दिली. विचारलं, कसली? म्हणाला, मॉर्फिन. वेलायुधनलाही हीच चालू आहे. म्हणजे जो माणूस रोज सकाळी खिडकीतून मला हात करतो, रेडिओ लावतो, तो ह्या गोळ्यांवर. मी शेठचं सांगितलं, चुलत्याचं वाटोळं वगैरे. बेबीचेट्टन हसला. म्हणाला, ज्याला दुखतं त्याचं दुखणं उतरतं, नशा चढत नाही. आणि समजा सवय लागली, तर हा म्हातारा उद्या कुठल्या ऑफिसात झिंगून जाणार आहे? दुखण्याला इकडंसुद्धा वेदनाच म्हणतात. तो शब्द तेवढा मला अर्थ न विचारता कळला.

रात्री पडल्या पडल्या ठरवलं, आबांना परमिशन द्यायची.

१८ ऑगस्ट

परमिशन द्यायची, पण कशी? आठ दिवसांपूर्वी नाही म्हटलं आणि आज हो म्हटलं तर शब्दाला वजन काय राहिलं? आत्ती म्हणेल, थोरल्याचं काय खरं नाही. फोनवरचं कामही नाही हे. गणपतीला जायचंच आहे, तेव्हा आबांच्या उशाला बसून, माझ्या हातानं पहिली गोळी देतो. तेच शोभेल. तोवर आबा दम धरतील. दमाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

२४ ऑगस्ट, रविवार

जीपमधून आल्यावर फोन केला. विचारलं, दुखतंय का फार? अनू म्हणाली, न्हाय दादा, आता शांत हायत. काल झोपले सलग. पेपर वाचून दाखव म्हटले, कुस्तीचं पान तेवढं.

बघा. गोळीबिळी काही नाही आणि माणूस शांत. मी म्हणत होतो तेच झालं. पैलवानाच्या अंगात मुळातच ते असतं. म्हणजे माझा पहिला निर्णय काही एकदम चुकीचा नव्हता, तरी मी परमिशन देणारच आहे.

आणखी म्हणाली, आबांना गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध प्यायला जायचंय. तिथं संध्याकाळी म्हशी आणून गिऱ्हाइकापुढंच धार काढतात, ग्लासात फेस तसाच. तालमीतून मला खांद्यावर घेऊन आबा तिथं जायचे. मोठा ग्लास त्यांचा, छोटा माझा. अनूनं म्हटलं, चला नेते, तर म्हणाले, सया आल्यावर जाऊ. दादा, कधी येतोस सांग, ते रोज इचारत्यात, मी रोज उद्या म्हणून सांगते.

म्हटलं, गणपतीला. फायनल.

तिनं फायनल का असं विचारलं नाही. विश्वास आहे.

३० ऑगस्ट

उद्या गणपती. गेलो नाही.

कारण असं. आठ दिवसांवर ओणम. इकडची माणसं ओणमला सोनं घेतात, सगळ्या सोनारांचं आटणीचं काम आमच्याकडं. शेठ म्हणाले, सया, जा, वडिलांपेक्षा काम मोठं नाही. पण त्यांच्या तोंडाकडं बघून कळत होतं की जाऊ नये. मला माणसांची तोंडं वाचता येतात. शिवाय दुकानाचा केर माझ्याकडं असतो. आमच्या धंद्यात केर टाकत नाहीत, त्यात सोन्याचा कण असतो. झाडलेली धूळ, पाय पुसायचं गोणपाट, सगळं भरून ठेवायचं आणि दिवाळीआधी जाळून, धुऊन त्यातलं सोनं काढायचं. एवढ्या जोखमीचा केर मी कुणाच्या हातात देऊन जाऊ?

शेठ म्हणाले, केर काय, मी मारीन.

नाही पटलं.

दसऱ्याला जायचं. दसऱ्याला गेलेलं जास्त चांगलं. गणपतीत गर्दी असते, आबांशी निवांत बोलणं होत नाही.

फोन केला नाही. सणाच्या दिवशी कशाला नाराज करा.

३ सप्टेंबर

बाळासोला केला. अनूला बोलावू नको म्हटलं, नुसतं सांग, दसऱ्याला येतो. बाळासो म्हणाला, दसरा लांब हाय रं सया. म्हटलं, महिना तर आहे. तो म्हणाला, तेच म्हणतोय.

त्याचा स्वभाव पहिल्यापासून असा, अर्धं बोलायचं.

७ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस फार चांगला गेला. मुद्दाम सविस्तर लिहितो.

उद्या ओणम, म्हणून सगळ्या आजारी माणसांना नवं मुंडू, म्हणजे इकडची पांढरी लुंगी, वाटायचं होतं. सकाळीच जीप निघाली. वेलायुधनची दाढी मी केली. गाठीच्या बाजूला वस्तरा लावायचा नाही, तिथं कात्रीनं. त्याला आरसा दाखवला तर बराच वेळ बघत राहिला, मग बायकोला हाक मारून दाखवला. पुढं एका घरात म्हातारा एकटाच, लेक दुबईला. तो माझा हात सोडेना. बेबीचेट्टन म्हणाला, बाकीची घरं आम्ही करतो, तू बस. दुपारभर बसलो.  पंख्याचा आवाज आणि म्हातारा. त्याचा लेक कसला असेल असं वाटून गेलं. दुबईहून यायला विमान आहे, एका दिवसात येता येतं, तरी येत नाही. अशा माणसांना मी समोर आल्यावर दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही.

दसऱ्याला आबांची दाढी अशीच करायची. मिशी मात्र नुसती साफ करायची. हात बसलाय आता. गोळी माझ्या हातानं, दाढी माझ्या हातानं, मग रिक्षात घालून गंगावेश. एक मोठा ग्लास, एक छोटा. प्लॅन पक्का.

शेठ खालून हाक मारतायत. कोल्हापूरचा फोन सकाळपासून चारदा येऊन गेला म्हणे. मला शोधायला माणूसही पाठवला होता. अनू असणार. उशिरा का होईना, माफी मागायची असेल.

८ सप्टेंबर

आबा गेले. काल पहाटे.

मी निघतोय का, एवढंच चार फोन करून घरच्यांना विचारायचं होतं. दुपारपर्यंत थांबले, मग भावकीतल्या आकारामनं माझ्या जागी अग्नी दिला. मी फोनवर सापडलो असतो तरी वेळेत पोचलो नसतो. गाड्यांचा हिशेब दोनदा करून बघितला. नसतोच पोचलो.

अनूशी बोललो. ती रडत नव्हती. मी म्हटलं, शेवटाला फार त्रास झाला का, मी गोळ्यांची परमिशन देणारच होतो, दसऱ्याला. ती म्हणाली, दादा, गोळ्या त्याच दिवशी चालू केल्या. तू न्हाय म्हटलास, मी फोन ठिवला, घरात गेले, आबांना म्हटलं दादानं व्हय म्हटलंय. लगेच तोंड उघडलं. झोपले त्या रात्री. आठ दिवसांनी एकदा म्हटले, सयाला अक्कल आली म्हणायची.

 मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगून काय करायचं, तुला लांब ऱ्हाऊन वाईट वाटलं असतं.

मीटर पळत होतं. तिनंच विचारलं, जेवलास का?

नंतर बाळासो बोलला. पाच तारखेला आबा आपणहून म्हटले, कट्ट्यावर चला. तालमीतल्या पोरांनी खुर्चीतनं उचलून नेलं. दोन ग्लास मागितले. मोठ्या ग्लासातलं अनूनं बोटानं त्यांच्या ओठाला लावलं, तेवढंच. छोटा ग्लास हातात धरून बसले, फेस बसेपर्यंत. कुणी घेऊ का म्हटलं तर म्हणायचे, ह्यो सयाचा हाय. अंधार पडल्यावर उठले.

मी विचारलं, मग त्या ग्लासाचं काय केलं? बाळासो म्हणाला, मी प्यालो. टाकायचं कसं?

१० सप्टेंबर

बाराव्याला जायचं. अनू म्हणाली, तेवढं तरी ये, लोकं इचारत्यात. शेठ स्वतः म्हणाले, उद्याच नीघ. त्यांचं तोंड बघितलं. खरंच म्हणत होते.

ओणम झाला. काम नाही.

१३ सप्टेंबर

गेलो नाही अजून. रविवारची जीप करून जावं म्हणतो. वेलायुधनला माझी सवय झालीय.

१४ सप्टेंबर, रविवार

जीप दारात उभी राहिली. बेबीचेट्टननं जिन्यातून हाक मारली, दोनदा. मी दाराला आतून कडी घालून बसलो. मग खाली वेलायुधनला कुणीतरी वळवलं. त्याचा आवाज आला. बगलेतून ओढलं असणार.

१६ सप्टेंबर

पोस्टात गेलो. आज निघालो असतो तर बाराव्याला पोचलो असतो, गाडी दुपारची होती. फॉर्मवर संदेशाला जागा असते. क्लार्कनं दोनदा विचारलं. काही नाही म्हटलं.

डबीतले तिकिटाचे होते तेवढेच. अनूच्या नावे मनीऑर्डर, रुपये तीनशे चाळीस.